पाच फूट, बुटासकट

दातांच्या डॉक्टरनं खालच्या जबड्यात दोन सुया टोचल्या होत्या, त्यामुळे अर्धं तोंड माझं राहिलं नव्हतं. ओठ कुणाकडून तरी उसना आणून चिकटवल्यासारखा लोंबत होता. सून गाडी चालवत होती. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं होतं ते मी बावीस वर्षांत एकदाच पाहिलं होतं, लेकीकडे चार महिने राहायला म्हणून मी बॅग भरली तेव्हा. "आई, दोन तास बोलायचं नाही हं. डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टर म्हणाला होता, दोन तास खायचं नाही. बोलण्याची भर तिनं पदरची घातली होती. मी कापसाचा बोळा दाताखाली धरून खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्या सिग्नलला, विद्यापीठाच्या फाटकाशी, दोन माणसं शिड्यांवर चढून एका मोठ्या कापडाची गुंडाळी वरून खाली सोडत होती. आधी केस उलगडले. मग कपाळ. मग डोळे उलगडले आणि ते माझे होते. एकोणीस वर्षांची मी, दोन मजले उंच, शेजारी पेरणीचं यंत्र, एक हात त्याच्या चाकावर, आणि हनुवटी अशी वर केलेली जणू ते यंत्र मीच प्रसवले. मला ओरडायचं होतं, थांबव गाडी. तोंडातून निघालं ते गाईच्या हंबरण्यासारखं. मी सुनेच्या दंडावर चापट मारली. ती म्हणाली, "दुखतंय का? घरी गेल्यावर गोळी देते," आणि दिवा हिरवा झाला. मान वळवून वळवून मी बघत राहिले. कापड गुडघ्यापर्यंत उलगडलं होतं. पाय अजून गुंडाळीत होते.

घरी पोचल्यावर कागदावर लिहून दाखवायला मला वीस मिनिटं लागली. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, अक्षर माझं अजून रांगतं. "फाटकावर मी" एवढंच लिहिलं. सुनेनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि औषधाचा परिणाम किती वेळ राहतो ते फोनवर बघायला लागली. पण संध्याकाळी भाजी आणायला गेली ती धावत परत आली. एवढी वर्षं ह्या घरात वावरून ती माझ्यासाठी पहिल्यांदा धावली असेल. "आई! अहो, तुम्हीच आहात! खाली लिहिलंय, 'पाच फूट. शेतीयंत्र विभागाची साठ वर्षं. जुन्या फोटोंचं प्रदर्शन.' तुमच्या नावानं प्रदर्शन!" माझ्या नावानं नव्हतं. पण तेव्हा मला नाव तरी कुठं होतं. त्या आवारात सगळे मला पाचफुटी म्हणत.

माझं अर्धं तोंड हळूहळू परत यायला लागलं. मुंग्यांची रांग चालावी तसं, आधी कडेनं, मग मध्ये. आणि त्याच्याबरोबर वर्कशॉपचा तो हॉल परत आला. लांबलचक हॉल, पत्र्याचं उंच छप्पर, वरून जाणारा लोखंडी दांडा, त्याच्यावरून खाली आलेले कातड्याचे पट्टे, आणि सगळे पट्टे एकदम फिरायला लागले की होणारा फट्-फट् आवाज, जसं कुणी मोठ्या घरातली सगळी अंथरुणं एकदम झटकतंय. रॉकेलचा वास, ओल्या लोखंडाचा वास, आणि त्यावर नव्या धान्याची धूळ. शेतावरच्या टोळीत आम्ही चौदा बायका होतो. आमचं काम वाफे खुरपायचे, यंत्रानं पेरलेलं किती उगवलं ते ओळीत बसून मोजायचं. मोजायचं म्हणजे शंभरापर्यंत. शंभर झाले की खडा टाकायचा. विद्यार्थी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या मागून वह्या घेऊन फिरत. चिखलात रुतले की आम्हाला हाका मारत. एवढी शिकलेली पोरं आणि बुटातून पाय काढता येत नाही. आम्ही हसायचो. त्यातला एकजण पुढं मंत्र्याचा सल्लागार झाला म्हणे. त्याचा डावा बूट मी ओढून काढलाय.

विभागाचा एक फोटोवाला होता. सदानकदा एक डोळा मिटलेला, कॅमेरा नसला तरी, म्हणून आम्ही त्याला एकडोळ्या म्हणायचो. नवं यंत्र झालं की तो त्याचा फोटो काढायचा. ते फोटो पुस्तिकेत छापून लांबलांबच्या लोहारांना जायचे. लोहारांना आकड्यांचे नकाशे वाचता येत नव्हते, पण चित्र समजायचं. शेजारी पाच फूट उंचीचं माणूस उभं केलं की लोहार दोऱ्यानं मोजायचा, माणूस एवढं तर चाक एवढं, आणि घरी बसून यंत्र तयार. आधी तिथं रंगवलेली काठी उभी करायचे. एकडोळ्याला ते आवडेना. "काठी मेलेली दिसते," तो म्हणाला. "मला बाई पाहिजे. बुटासकट बरोबर पाच फूट. एक सूत कमी नको, एक सूत जास्त नको." मग वर्कशॉपच्या दाराशी भिंतीवर खडूची रेघ ओढली आणि आम्हा चौदाजणींना एकेक करून उभं केलं. विभागानं दिलेले कॅनव्हासचे बूट सगळ्यांना एकसारखेच होते. आमच्यातल्या एकीला आम्ही खांब म्हणायचो. ती रेघेच्या वर तीन बोटं गेली आणि तरी अशी हसली की जणू रेघच चुकली. बाकीच्या कमी. मी टाचा उचलल्या. पाठ ताठ, मान ताठ, श्वास वर ओढून धरला. रेघ डोक्याला लागली. एकडोळ्या म्हणाला, "ही बरी आहे. उद्या सकाळी उजेडात नीट बघू."

मला ते काम पाहिजे होतं. का, ते मी आज विचारते स्वतःला. वाकून कंबर मोडत होती म्हणून? सावलीत उभं राहायला मिळेल म्हणून? ते होतंच. पण खरं म्हणजे खांबानं माझ्या चवड्यांकडे पाहिलं होतं आणि तोंडाला हात लावून हसू दाबलं होतं. तो हात खाली यावा म्हणून मी डोंगर उचलला असता.

आणि अजून एकानं पाहिलं होतं. दाराच्या आत खरादावर, लोखंड कातायला, एक मेकॅनिक उभा असायचा. कुणाशी बोलायचा नाही. त्याच्या हातचा वायसर केसभर जास्त जाड झाला तर तो भंगारात टाकायचा, आणि इंजिनियर म्हणाले चालेल, तर म्हणायचा, तुम्हाला चालेल. तेव्हा तो 'तो' होता, अजून 'हे' झाला नव्हता. सुट्टी झाल्यावर नळावर मी हात धूत होते तर शेजारी येऊन उभा राहिला. जुन्या पट्ट्याचं कातडं कापून, एकावर एक चिकटवून, पायाच्या टाचेच्या आकाराचे दोन तुकडे केले होते. कडा घासून गुळगुळीत. "उद्या बुटात हे घालून ये," तो म्हणाला. "चवड्यांवर किती वेळ काढशील?"

"माझे चवडे मी बघीन," मी म्हणाले.

"बघ की. पण पोटऱ्या थरथरतात. फोटोत हलतील."

लग्नाआधी आमच्यात एवढंच बोलणं झालं असेल. म्हणजे अजूनही झालं, पण मला आठवतं ते एवढंच. दुसऱ्या सकाळी एकडोळ्यानं पट्टी लावली, दोन्ही डोळे उघडे ठेवून. बुटासकट पाच फूट, एक सूत इकडे नाही, तिकडे नाही. मेकॅनिकनं माझी उंची न मोजता, दारातून नुसतं बघून ते तुकडे कापले होते. वहीत लिहिलं गेलं: पाच फूट. तेव्हापासून सात वर्षं, अडतीस यंत्रं, आणि त्या प्रत्येकाशेजारी मी.

त्या पाच फुटांवर मी पुढचं सगळं आयुष्य उभं केलं हे कबूल करायला पाहिजे. घरात पट्टी शोधायची पद्धत नव्हती. मी उभी राहायची. मुलं किती वाढली, कपाट दारातून जाईल का, पडद्याला कापड किती, सगळं माझ्यावर मोजायचं. "आई पाच फूट आहे, विद्यापीठानं मोजलीय," मुलगा मित्रांना सांगायचा. आमच्या घरातले पडदे जन्मभर खिडकीपेक्षा तीन बोटं लांब पडत आले. मी शिंप्याचा उद्धार करायची. हे खाली मान घालून चहा पीत राहायचे. घरात बूट कोण घालतं. माझी खरी उंची ह्या जगात दोघांना ठाऊक होती, आणि दुसऱ्याला गप्प बसण्याची कला माझ्यापेक्षा जास्त येत होती.

दोन दिवसांनी एक मुलगी घरी आली. सुनेनं कापडावरचा नंबर फिरवला होता. चष्मा नाकाच्या टोकावर, पाठीला पिशवी, हातात पांढरे सुती हातमोजे. मी म्हणाले, "मी काय साथीचा रोग आहे का?" ती हसली. "नाही आजी, फोटोंना डाग पडतात म्हणून." जुने फोटो सांभाळण्याचं शिक्षण घेतलं होतं म्हणे तिनं. असंही शिक्षण असतं. तिनं टेबलावर सुती कापड पसरलं आणि एकेक फोटो ठेवत गेली, आणि मी ओळखत गेले. हा वसतिगृहाचा जिना. हिवाळ्यात मुलं उन्हाला इथं ओळीनं बसायची, पायरीवर जागा धरायला वही ठेवायची. ही टेनिसची जाळी, हिच्यावर आम्ही पोती वाळवली होती म्हणून प्राध्यापक चिडले होते. हा पदवीचा दिवस. काळे डगले घातलेली पोरं नांगरावर चढून बसलीत, आणि तो कोपऱ्यातला नांगराला धरून उभा आहे त्याला डगला मिळाला नव्हता, त्यानं फळा पुसायचं काळं कापड खांद्यावर टाकलंय, बघ नीट. मुलीनं भिंग लावलं आणि किंचाळली. "साठ वर्षं हा डगला समजतायत सगळे!" ट्रॅक्टरच्या वर्गात मुलींचा पहिला गट, पाचजणी, एका ट्रॅक्टरवर पाचही. ग्रंथालयात पुस्तकावर गाल ठेवून झोपलेला मुलगा. ओलिताचं पाणी मोजायचं मोठं पत्र्याचं भांडं आणि त्यात पोहणारं कुत्रं. प्रत्येक फोटोत मला उजेडाचा वास येत होता. उजेडाला वास नसतो, सून म्हणेल. त्या आवारातल्या उजेडाला होता. धुळीचा, दहा वाजताचा.

"आणि आता तुमचे," मुलगी म्हणाली. अडतीस पाचफुट्या टेबलावर मांडल्या गेल्या. पेरणीचं यंत्र, फवारणीचं, चारा कापायचं, भुईमूग उपटायचं. हनुवटी वर. सगळीकडे हनुवटी वर. सून एकेक बघून माझ्याकडे बघत होती, जसं एवढी वर्षं आपल्या घरात दुसरंच कुणीतरी राहतंय. शेवटचा फोटो मुलीनं थोडा थांबून ठेवला. मका सोलायचं यंत्र. उभी पेटी, वरून कणीस टाकायचं तोंड, बाजूला फिरवायचा दांडा. शेजारी मी. हनुवटी खाली, भुवया एकत्र, ओठ दाबलेले.

"अगंबाई," सून म्हणाली. "हा चेहरा तर मी रोज बघते."

"हे आजोबांचं ना?" मुलीनं विचारलं. "ह्यावरूनच आम्ही अडकलोय आजी. फोटोंवरून चार यंत्रं पुन्हा बनवलीत, तुमच्या उंचीवरून मापं काढून. तीन उत्तम चालतात. हे नाही. आतली दातांची चकती आम्हाला गोदामात मिळाली, मूळची, आजोबांच्या काळची. पेटी फोटोवरून बनवली. पण चकती पेटीत सैल पडते. कणीस दातांना लागतच नाही, तसंच्या तसं खाली येतं." तिनं चष्मा वर सरकवला. "जुन्या फायलीत पत्रंही आहेत. पुस्तिका गेल्यावर लोहारांची तक्रार आली होती. चकत्या विभागातून पाठवायचे ना, पेटी तिकडे बनायची. सगळ्यांनी हेच लिहिलंय. यंत्र धरत नाही. म्हणून प्रमुख म्हणतात पाटीवर लिहू, 'फसलेला प्रयोग'. म्हणजे अपमान नाही आजी, इतिहास म्हणून."

इतिहास म्हणून. मी तिला चहा विचारला. तिनं नको म्हटलं. मी तरी केला. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले, पाणी उकळून अर्धं झालं, आणि माझ्या हातापायांना कळत गेलं ते डोक्याला मागाहून कळलं.

त्या पत्रांची आठवण मला आहे. लग्नाला वर्ष झालं होतं. वर्कशॉपमधलं त्यांच्या हातचं यंत्र लोण्यासारखं चालायचं. कणीस वरून घातलं की दाणे एकीकडे, रिकामं कणीस दुसरीकडे, आणि पत्र्याच्या डब्यात दाणे पडायचा तो आवाज ऐकायला विद्यार्थी उगाच थांबायचे. मग पत्रं यायला लागली. धरत नाही. हे वर्कशॉपमधून घरी यायचे आणि बशीत चहा थंड होईपर्यंत बघत बसायचे. आधी म्हणाले, लोहारांना जमलं नाही. मग म्हणाले, सगळ्याच लोहारांना कसं जमणार नाही. मग काही म्हणायचेच थांबले. त्यानंतर त्यांनी स्वतःचं यंत्र कधी केलं नाही. चोवीस वर्षं दुसऱ्यांची दुरुस्त केली, केसाएवढा फरक काढत. आणि मी, तोंडाची फटकळ, मी म्हणायची, "एका यंत्रानं काय जग बुडालं?"

आणि त्याआधीचा, त्या यंत्राच्या फोटोचा दिवस. आम्ही नवीन नवीन होतो. मी बुटाच्या नाड्या बांधत होते तर हे येऊन समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "ते काढ."

"काय काढू?"

"टाचेचे. आज नको. माझ्या यंत्राशेजारी तू आहेस तेवढीच उभी राहा."

माझ्या अंगाचा भडका उडाला. सगळ्यांच्या यंत्रांशेजारी मी पाच फूट, आणि नवऱ्याच्या यंत्राशेजारी बुटकी? पलीकडे खांब पाटी घेऊन उभी होती. मी म्हणाले, "लाज वाटते का माझी?" त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. बूट माझ्या पायातून काढला, तुकडा काढून खिशात घातला, मग दुसरा. बूट परत पायात चढवला आणि नाड्या स्वतः बांधल्या, सगळ्या टोळीदेखत. एकडोळ्यानं त्या दिवशी पट्टी लावली नाही. अडतिसाव्यांदा कोण मोजतं. त्यानं डोळा मिटला आणि मी मनात शिव्या देत उभी राहिले. तो राग मी किती वर्षं जपला ते माझं मला ठाऊक. काही भांडणं बायका दागिन्यांसारखी ठेवतात, अधूनमधून काढून बघायला. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी गेल्या महिन्यातसुद्धा मी ते एकदा काढून बघितलं होतं.

आणि आता ओट्याशी उभं राहून मला दिसत होतं की वहीत पाच फूट लिहिलेलं होतं. पुस्तिकेत पाच फूट छापलं होतं. लांबचा लोहार दोरा लावत होता आणि त्याला वाटत होतं ही बाई पाच फूट आहे. सदतीस फोटोंत मी खोटी होते आणि यंत्रं खरी उतरली. एका फोटोत त्यांनी मला खरी उभी केली आणि त्यांचं यंत्र जगभर चुकीचं बनलं. केसाचा फरक ज्याला सहन व्हायचा नाही, तो माणूस वही विसरला. त्याला त्या क्षणी माप दिसत नव्हतं, बायको दिसत होती. आणि बायको तोंड फुगवून उभी होती.

चहा मी सिंकमध्ये ओतला.

गप्प बसायला काही हरकत नव्हती, हेही सांगते. त्या दुपारी खुर्चीत बसून मी ते नीट तोलून पाहिलं. फाटकावर मी दोन मजले उंच होते. शेजारच्या इमारतीतल्या बायका, ज्या मला बघून जिन्यात वळायच्या, त्या आता थांबून विचारत होत्या. प्रदर्शनाच्या दिवशी मंचावर बसवणार होते. 'विभागाचं माप' असं त्या मुलीनं कुठंतरी लिहिलंही होतं. आणि मी जाऊन सांगायचं काय, की मी मुळात पाच फूट नव्हतेच? की ज्या माणसाचं एवढं नाव खरेपणाचं, त्यानंच ती लबाडी आपल्या हातानं कापली, घासली आणि दिली? मुलाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आई, जाऊ दे ना, कुणाला कळतंय. म्हणून त्याला सांगितलं नाही. सुनेला म्हणाले, "गाडी काढ."

"कुठं जायचंय?"

"फसलेला प्रयोग बघायला."

वर्कशॉपला आता पट्टे नव्हते. वरचा दांडा तेवढा शोभेला ठेवला होता, रंग देऊन. जमीन इतकी स्वच्छ की माझ्या चपलांचा मला राग आला. मधोमध ते उभं होतं, नवं, हिरव्या रंगाचं. लांबून मला वाटलं, तेच. जवळ गेले आणि अंग म्हणालं, नाही. दांड्याची मूठ जिथं यायची तिथं येत नव्हती. तो काळ गेला, मीही खचले, तरी ते वेगळं आणि हे वेगळं. घरात कुणी खुर्ची दोन बोटं सरकवली तरी अंधारात कळतं, तसं. तिथला फोरमन चाळिशीचा होता, खिशाला पेन, कानामागे पेन, आणि हातात एक पेन शोधत होता. मी दांडा फिरवला. कणीस वरून गेलं आणि खाली आलं, अंगावर एक ओरखडा नाही.

"बघा ना आजी," फोरमन म्हणाला. "डिझाइनच असं आहे. मेकॅनिक चांगला असेल, पण प्रत्येकाला सगळं जमतं असं नाही."

"मेकॅनिकला सगळं जमत होतं," मी म्हणाले. "तुझं माप चुकलंय. कारण तुझं माप मी आहे, आणि मी त्या फोटोत पाच फूट नाही."

चष्मेवाली मुलगी मागून आली होती ती तिथंच थांबली. सून माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. रेघ, चवडे, नळ, पट्ट्याचे तुकडे, अडतिसावा दिवस, नाड्या. भराभर सांगितलं, औषध एका घोटात घेतात तसं. बोलताना जबडा परत बधिर व्हावा असं वाटत होतं. संपलं. मग सून हळूच म्हणाली, "म्हणजे पडदे..."

"हो, पडदे," मी म्हणाले. "शिंप्याची माफी तू माग. माझं वय झालं."

फोरमननं मात्र एक पेन शेवटी शोधून काढलं होतं आणि तो पेटीवर टेकून भराभर आकडे मांडत होता. त्याचे कान लाल झाले. "बसतंय," तो म्हणाला. "आजी, बसतंय! फट तेवढीच येतेय. पण तुकडा नेमका किती जाड होता? अंदाज नको. अंदाजानं केलं तर पुन्हा तेच होईल. तुमची आत्ताची उंची घेऊन उपयोग नाही, वयानं कमी होते." मुलीनं विचारलं, तुकडे असतील का कुठं? नव्हते. त्यांनी खिशात घातले ते घातले, पुन्हा मला दिले नाहीत, मी मागितले नाहीत, त्यानंतर मी फोटोला उभीच राहिले नाही. इंच, सूत, मला काही सांगता येईना. मी डोळे मिटले. सात वर्षं, फोटो असो नसो, रोज सकाळी बुटात घालताना आणि रोज संध्याकाळी काढताना मी ते दोन बोटांत धरले होते. कडेला गुळगुळीत, वर थोडं तेलकट, घामानं काळं पडलेलं. मी अंगठा आणि बोट हवेत धरलं आणि ते हळूहळू एकमेकांपासून लांब गेले, आणि एका जागी थांबले. "एवढं," मी म्हणाले.

फोरमननं खिशातून मापाचा चिमटा काढला आणि माझ्या बोटांच्या मध्ये सरकवला. लोखंड गार होतं. "अडतीस मिलिमीटर. म्हणजे दीड इंच," तो म्हणाला. मग म्हणाला, "आजी, हात खाली करा. झटका. पुन्हा धरा." मी पुन्हा धरले. अडतीस. तिसऱ्यांदा. अडतीस. त्यानं कानामागचं पेन काढून हिरव्या पेटीवर मोठ्या आकड्यात लिहिलं, आणि पाना घेऊन पहिला बोल्ट सैल करायला लागला.

आठ दिवसांनी, प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, आम्ही पुन्हा गेलो. पेटी खोलून कापली होती, जोडली होती, रंगाखाली जोड दिसत होता. सुनेनं कणीस घातलं, मी दांडा धरला. पहिल्या फेऱ्यात काही नाही. दुसऱ्या फेऱ्यात दातांनी कणीस धरलं, माझ्या खांद्यापर्यंत ते धरणं पोचलं, आणि डब्यात दाणे पडायला लागले. लांबच्या टेबलावर कुणीतरी काम करत होतं ते थांबलं. मी फिरवत राहिले. सून म्हणाली, "आई, बास, दुखेल हात." मी फिरवत राहिले. डबा भरेपर्यंत कुणाकडे बघितलं नाही, कारण बघण्यासारखा चेहरा माझा त्या वेळी नव्हता.

मग चष्मेवाली मला बाजूला घेऊन गेली. तिच्या हातात फोटोखाली लावायच्या पाट्या होत्या. 'फसलेला प्रयोग' कुठं नव्हतं. ह्यांचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, मोठ्या अक्षरात. मी ते बोटानं वाचलं. ती कुजबुजत म्हणाली, "आजी, मी एक सुचवू? आकडे आम्ही आतल्या फायलीत दुरुस्त केलेत. अभ्यासकांना ते पुरे. पाटीवर मात्र तुमची उंची पाच फूटच राहू दे. बाहेर एवढं मोठं लावलंय, उद्या तुम्ही मंचावर असणार. कुणाला कळायचं नाही."

चांगली मुलगी. माझ्यासाठी ती आपल्या विद्येला डाग लावायला तयार झाली होती, हातमोजे घालून. मी भिंतीवरच्या त्या फोटोकडे पाहिलं. भुवया एकत्र, ओठ दाबलेले, आणि बुटाच्या नाड्या पुरुषी गाठीनं बांधलेल्या.

"सदतीस फोटोंखाली पाच फूटच लिही," मी म्हणाले. "तिथं मी आहेच तेवढी. ह्याच्याखाली लिही चार फूट साडेदहा इंच."

ती लिहायला लागली. चार फूट, मग दहा, आणि पेन थांबलं. "साडे नको का आजी? दहाच छान दिसतं, सरळ."

"अगं ए," मी म्हणाले, "तो अर्धा इंच माझा स्वतःचा आहे. त्याला हात लावायचा नाही."